तबकडीत न मावलेली रात्र

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरचं गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत का संपतं? संगीतकारांना तेवढंच सुचायचं म्हणून नक्कीच नाही. हे गणित आठवीतल्या पोरालाही जमेल. दहा इंची तबकडीवर सुई ज्या पट्ट्यातून फिरते त्याची रुंदी साधारण पावणेतीन इंच. एका इंचात खाचेची ९० ते १०० वळणं बसतात, म्हणजे एकूण वळणं झाली अडीचशे ते पावणेतीनशे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. भागाकार करा, उत्तर येतं सव्वातीन ते साडेतीन मिनिटं. बालगंधर्वांचं पद असो की मुंबईच्या हॉटेलातला फॉक्सट्रॉट, सगळ्यांना याच मापाच्या डब्यात बसावं लागलं.

आज लिहायचंय ते या डब्यात न मावलेल्या गोष्टीबद्दल. माझं संशोधन ध्वनिशास्त्रातलं आहे. गर्दीच्या, घुमणाऱ्या जागेतल्या ध्वनिमुद्रणातून कोणता आवाज कुठून आला हे शोधायचं काम. या कामात 'नकोसा आवाज' म्हणून जे बाजूला काढायचं असतं, तेच कधी कधी मुख्य गाणं असतं, हे मला जॅझ आणि सोलच्या रेकॉर्डी ऐकताना जास्त स्पष्ट झालं.

सुरुवात मुंबईपासून करू. १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला. (क्रिकेट हे त्याचं टोपणनाव, खेळाशी संबंध नाही.) त्याच्या बँडमध्ये पियानोवर होता टेडी वेदरफर्ड. हा माणूस १९०३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा. शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात त्याने लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलं होतं. १९२६ मध्ये तो आशियात आला आणि नंतरचं बहुतेक आयुष्य त्याने शांघाय, मुंबई, कोलकाता असं फिरत काढलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला, तेव्हा वय फक्त ४१. अमेरिकेत राहिला असता तर जॅझच्या इतिहासात त्याच्यावर मोठं प्रकरण असतं असं जाणकार म्हणतात. मला त्यात तथ्य वाटतं, कारण १९३७ साली पॅरिसमध्ये त्याने एकट्याने पियानोवर वाजवलेल्या तबकड्या ऐकल्या की डावा हात काय काम करतोय हे लगेच कळतं.

वेदरफर्डबरोबर फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे वादक वाजवत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे ही मंडळी कागद समोर ठेवला की वाजवू शकत. पण जॅझ कागदावरून वाजत नाही. ठरलेल्या सुरावटीच्या चौकटीत जागच्या जागी नवं रचत जायचं, ही त्यातली खरी गोष्ट. आपल्याकडे गवय्याला बंदिश पाठ असते, पण आलाप-ताना त्या रात्रीच्या, तसंच काहीसं. गोव्याच्या वादकांनी ही गोष्ट ताजच्या रात्रींमध्ये शेजारी बसून उचलली. पुढे त्यांच्यातलेच कितीतरी जण हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. 'अलबेला' (१९५१) पाहिला असेल, तर पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींमागे जो ट्रम्पेटवाला बँड आहे तो चिक चॉकलेटचा. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. पडद्यावरही तो दिसतो.

क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये मुंबईत काही तबकड्या केल्या. त्यातलं 'ताजमहाल' हे फॉक्सट्रॉट आज पुन्हा ऐकायला मिळतं, आणि नरेश फर्नांडिस यांच्या पुस्तकाला नावही त्यावरूनच मिळालं. तबकडी सुरेख आहे. पण ऐकताना एक लक्षात ठेवावं लागतं, की ताजमध्ये हा बँड नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवत होता. जोडपी मजल्यावर उतरली की ताल कुठे सैल करायचा, कुठे एकाच सुरावटीवर आणखी चार फेऱ्या मारायच्या, हे समोरच्या पायांवरून ठरत असणार. तबकडीत ते पाय नाहीत. तेव्हा ध्वनिमुद्रण व्हायचं ते बंद खोलीत, थेट मेणाच्या जाड चकतीवर. चूक झाली की चकती बाद. टेप नव्हती, जोडकाम नव्हतं. अशा यंत्रणेला हॉटेलच्या नाचघरात कोण नेणार? आणि नेलीच, तरी तीन मिनिटांनी चकती संपणार.

हे अगदीच अशक्य होतं असंही नाही. १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनचा कार्यक्रम झाला. वर टांगलेल्या मायक्रोफोनचा आवाज तारेने स्टुडिओत नेऊन तिथे चकत्या कापल्या गेल्या. एक संपत आली की दुसरी सुरू. त्या रात्री शेवटच्या लांब गाण्यात पियानोवादक जेस स्टेसी याला अचानक वाव मिळाला आणि त्याने आधी न ठरलेली दोनेक मिनिटं अशी वाजवली की आजही लोक त्यासाठीच ती रेकॉर्ड लावतात. पण लोकांच्या हातात ती आली १९५० मध्ये. कारण मधल्या काळात, १९४८ साली, एलपी बाजारात आली होती. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि इंचात दोनशेहून जास्त वळणं. वरचंच गणित पुन्हा केलंत तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं येतात. म्हणजे खाच बारीक झाली तेव्हा कुठे रात्र तबकडीत मावायला लागली.

रात्र मावल्यावर काय होतं, हे ऐकायचं असेल तर माझ्या मते एक एलपी पुरेशी आहे. डॉनी हॅथवेची 'लाइव्ह', १९७२. हॅथवे गायक आणि पियानोवादक. जन्म १९४५, शिकागो. वाढला सेंट लुईसमध्ये, चर्चमध्ये गाणाऱ्या आजीकडे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकला. सोल हे गाणं मुळात चर्चमधून बाहेर आलेलं आहे. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात, तसा तिथे गाणारा आणि मंडळी यांच्यात सवाल-जवाब चालतो. हॅथवेने त्यात जॅझचं हार्मनीचं शिक्षण मिसळलं. रेकॉर्डची पहिली बाजू लॉस एंजेलिसच्या 'ट्रूबडोर' क्लबमधली, ऑगस्ट १९७१. दुसरी न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड'मधली, त्याच वर्षीचा ऑक्टोबर. दोन्ही जागा लहान, काहीशे माणसांच्या. गाणी आठच. 'द घेटो' साधारण बारा मिनिटांचं, शेवटचं 'व्हॉइसेस इनसाइड' तेरा मिनिटांच्या वर. त्यात विली वीक्सचा बेस गिटारवरचा एकल तुकडा आहे. वाद्याचा अभ्यास करणारे अजून तो सूर-सूर उतरवून शिकतात.

आधी त्या पियानोबद्दल सांगते, कारण भौतिकशास्त्रवाल्यांसाठी तिथे मेजवानी आहे. या रेकॉर्डवर जो किंचित खरखरीत, घंटेसारखा आवाज सतत ऐकू येतो तो वुर्लित्झर नावाच्या इलेक्ट्रिक पियानोचा. याच्यात तारा नसतात. आत पोलादाच्या चपट्या पट्ट्या असतात, एक टोक घट्ट बसवलेलं आणि दुसरं मोकळं. म्हणजे आपल्या हार्मोनियमचीच सूरपट्टी म्हणा ना. फरक एवढाच की पेटीत पट्टी हवेने थरथरते आणि इथे हातोडीने. पेटी दुरुस्त करणारा कारागीर सूर चढवायचा असेल तर पट्टीचं मोकळं टोक घासतो; टोकाचं वजन कमी झालं की कंपनं वाढतात. सूर उतरवायचा तर बुडाशी घासतो. तिथे ताठरपणा कमी झाला की कंपनं मंदावतात. वुर्लित्झरमध्ये टोकावर शिशाच्या डाकाचा एक थेंब असतो, सूर लावायचा तो त्याचं वजन कमी-जास्त करून. तत्त्व तेच.

हा आवाज पकडण्याची रीत मात्र वेगळी. पट्टीच्या भोवती विद्युतभारित धातूची पाटी असते, तिच्यातल्या खाचेत पट्टी वरखाली हलते. दोघी मिळून एक संधारित्र, म्हणजे कपॅसिटर, बनतो. पट्टी हलली की त्याची धारिता बदलते आणि त्याचाच विद्युतसंकेत होतो. कळ हळू दाबली तर पट्टी खाचेतच थोडी हलते, संकेत जवळपास शुद्ध ज्या-तरंग असतो, आवाज गोल आणि मऊ. जोरात दाबली तर पट्टी खाचेच्या बाहेर उसळते, संकेत वाकडा होतो, वरचे स्वरांश भराभर वाढतात आणि आवाज गुरगुरतो. म्हणजे बोटाच्या जोराबरोबर आवाजाची नुसती पातळी बदलत नाही, पोतही बदलतो. पेटीत हे जमत नाही. भाता जोरात दाबला तर आवाज मोठा होतो, पण गुरगुरत नाही. हॅथवे याचा वापर कसा करतो ते 'द घेटो'मध्ये ऐका. श्रोते शांत असले की तो खाचेच्या आत आहे. टाळ्या वाढल्या की बोटं बाहेर उसळतात. त्या वाद्यात श्रोत्यांचा जोर ऐकू येतो, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल का? मला वाटत नाही.

आता टाळ्या. इथे थोडं गणित पुन्हा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क्लबची लांबी समजा १२ मीटर. मंचावरचा ठोका मागच्या माणसापर्यंत जायला ३५ मिलिसेकंद, त्याची टाळी परत मंचावर यायला आणखी ३५. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. त्यात ७० चा उशीर म्हणजे टाळी किंचित मागे, पण ठोक्यावरच वाटते. पुढच्या रांगांचा उशीर तर कानाला वेगळा जाणवतही नाही, कारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलेले आवाज मेंदू एकत्रच धरतो. म्हणून ट्रूबडोरमधल्या टाळ्या एखाद्या वाद्यासारख्या वाजतात. हेच ४० मीटर खोल मैदानात करा. जाऊन-येऊन २३० मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे ठोक्याचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग निघून गेला. गाणाऱ्याला मागून एक दुसराच ताल ऐकू येतो. मोठ्या मैदानातले कलाकार पब्लिकला टाळ्या वाजवायला लावतात आणि स्वतः मात्र कानात मॉनिटर घालून बसतात, त्याचं एक कारण हे.

टाळ्यांवर खरंच संशोधन झालंय. २००० साली 'नेचर'मध्ये झोल्तान नेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला होता. पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांत खेळ संपल्यावर लोक आधी वाटेल तशा टाळ्या वाजवतात आणि मग अचानक सगळे एका ठेक्यात येतात. हे कसं होतं? त्यांनी ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की एकत्र येण्याआधी प्रत्येक माणूस आपला वेग जवळपास निम्मा करतो. जलद टाळीत माणसामाणसांतला फरक जास्त असतो, संथ टाळीत कमी. म्हणून संथपणात एकमत लवकर होतं. पण गंमत पुढे आहे. वेग निम्मा झाल्यामुळे एकूण आवाज कमी होतो. उत्साही लोकांना ते पटत नाही, ते आवाज वाढवायला वेग वाढवतात आणि ठेका फुटतो. मग पुन्हा गोंधळ, पुन्हा एकमत. एकत्र राहणं आणि मोठा आवाज करणं, दोन्ही एकदम साधत नाही.

हे त्या टाळ्यांबद्दल, जिथे पुढे कोणी ताल धरलेला नाही. गाण्यात ड्रम असतो, म्हणजे सगळ्यांसाठी एक बाहेरचं घड्याळ असतं; ते असलं की वेग न कमी करताही लोक एकत्र राहू शकतात. हॅथवेच्या रेकॉर्डवर 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' येतं, कॅरोल किंगचं, तेव्हा अगदी ताजं गाणं. सुरुवात ओळखू येताच खोलीतून आवाज उठतो, आणि ध्रुवपद आलं की सगळी खोली गाते. हॅथवे मागे सरकतो, वाद्यावर फक्त आधार धरून ठेवतो. माझ्या क्षेत्राच्या भाषेत बोलायचं तर हे बंद वर्तुळ आहे: मंचाचा संकेत खोलीत जातो, खोलीचा मंचावर येतो, आणि पुढचा स्वर त्यावर ठरतो. मी या ध्वनिफितीवर श्रोत्यांचा आवाज वेगळा काढणारं एक सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. आवाज बऱ्यापैकी स्वच्छ झाला, पण गाणं विचित्र वाटायला लागलं. हॅथवे मधेच थांबतो, का थांबतो कळत नाही. कोणाला तरी उत्तर देतो, प्रश्न ऐकू येत नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकावी तसं.

क्रिकेट स्मिथची तबकडी मी आता तशीच ऐकते. एका बाजूचं बोलणं.

हॅथवेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तो मानसिक आजाराने वर्षानुवर्षं त्रासला आणि १३ जानेवारी १९७९ ला न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून गेला, वय ३३. मुंबईत त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ ला, रंगभवनच्या उघड्या नाट्यगृहात पहिली जॅझ यात्रा झाली होती. निरंजन झवेरी आणि जॅझ इंडियाच्या मंडळींनी ती उभी केली आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेला. नंतर आजूबाजूचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. धोबी तलावच्या बाजूने गेलात तर जागा दिसते.

हे सगळं मुर्रीच्या, गोंदियाला लागून असलेल्या गावच्या मुलीने का लिहावं, असं वाटू शकतं. कारण आमच्या बाजूला, जिल्ह्याच्या दक्षिणेला अर्जुनी मोरगावकडे आणि तिथून खाली वडश्यापर्यंत, दर हिवाळ्यात हेच चालू असतं. झाडीपट्टीची नाटकं. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. तात्पुरता मंडप, समोर जमिनीवर बसलेलं अख्खं गाव आणि पाहुणे, मंचाच्या पुढ्यात ऑर्गन आणि तबला घेऊन बसलेले वादक. रात्री दहाला सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालतं. पद रंगलं की 'वन्स मोअर' येतो आणि ऑर्गनवाला पात्राकडे न बघता आधी मंडपाकडे बघतो. किती वेळा घ्यायचं ते तिथे ठरतं. (थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो. त्यामुळे दोन गावं पलीकडे खाटेवर पडलेल्या माणसालाही नाटक ऐकू येतं. आमच्याकडे म्हातारी माणसं यावरून रात्रीची थंडी सांगतात.)

ही नाटकं हल्ली मोबाइलवर रेकॉर्ड होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. चांगलंच आहे. पण ऐकलंत तर नेमकं एका बाजूचंच बोलणं मिळतं, आणि याचा दोष माणसांपेक्षा यंत्राचा. मोबाइल हा बोलण्यासाठी बनवलेला आहे. आवाज मोठा झाला की तो आपोआप पातळी खाली खेचतो, शांत झालं की वर ओढतो. त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट झाला की पुढची दोन सेकंद ऑर्गन गायब होतो आणि गंभीर प्रवेशातल्या शांततेत जनरेटरची घरघर भरून येते. काही फोन तर सतत चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतात. ऑर्गनचा धरून ठेवलेला सूर म्हणजे यंत्राच्या लेखी पंखाच! ताजच्या त्या रात्रींकडे मायक्रोफोन नव्हता. आमच्याकडे मंडपात पन्नास आहेत आणि पन्नासही टाळ्या पुसतायत.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. नाटक मंडळीची परवानगी घेऊन या हिवाळ्यात मी जे करणार आहे ते सांगते, कोणाला करायचं असेल तर करा. दोन साधे हातात मावणारे रेकॉर्डर लागतात, ज्यांची पातळी आपोआप न बदलता हाताने ठरवता येते. एक वादकांजवळ, ऑर्गन आणि मंच यांच्या मध्ये. दुसरा मंडपाच्या मधोमध खांबावर, माणसांच्या डोक्याच्या वर, तोंड लोकांकडे. पातळी सगळ्यात मोठ्या क्षणासाठी लावायची, म्हणजे 'वन्स मोअर'साठी. गाण्यासाठी लावली तर टाळ्या फाटतात. पडदा उघडायच्या आधी मंचावर उभं राहून एक जोराची टाळी वाजवून घ्यायची, दोन्ही फायली जुळवायला ती खूण लागते. मग संगणकावर दुसरी फाइल पुढे सरकवायची, दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या हिशेबाने. खांब मंचापासून १५ मीटरवर असेल तर ४४. पूर्ण जुळवू नका मात्र. दहा-पंधरा मिलिसेकंदांचा उशीर राहू द्या, नाहीतर अख्खं गाव ऑर्गनच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं.